सुईच्या नेढ्यातून डीएनएचा धागा

क्षयाचा जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे कल्चरवर तपासायला अनेक आठवडे लागतात. तोवर चुकीचे औषध चालू राहिले, तर आजार बळावतो आणि घरातल्यांनाही लागण होऊ शकते. जंतूचा डीएनए थेट वाचला तर हे उत्तर काही दिवसांत मिळू शकते. त्यासाठीची एक पद्धत म्हणजे डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओवणे.

१९९६ मध्ये अमेरिकेतील जॉन कॅसियानोविच, डॅनियल ब्रँटन, डेव्हिड डीमर आदी शास्त्रज्ञांनी हे करून दाखवले. छिद्र होते स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या एका विषारी प्रथिनाचे. त्याची सर्वांत अरुंद जागा दीड नॅनोमीटरहूनही कमी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. विजेच्या दाबाने धागा आत ओढला गेला की छिद्रातला विद्युतप्रवाह घटतो. या घटीवरून अक्षरे ओळखायची, ही कल्पना.

अडचण होती वेगाची. एकेक अक्षर काही मायक्रोसेकंदांत निसटून जाई. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून संगणकावर तिची नक्कल केली जाते. प्रत्येक अणूचा हिशेब ठेवायचा तर फक्त एका मायक्रोसेकंदासाठी सुमारे ५० कोटी पायऱ्यांची गणिते करावी लागतात. त्यामुळे अनेकदा साखळी म्हणजे स्प्रिंगने जोडलेले मणी असे मानतात आणि पाण्याचे धक्के वेगळे मोजतात.

त्यातून दिसते ते असे : पाण्यात साखळी गुंतवळासारखी मोकळी असते. छिद्रात शिरताना तो मोकळेपणा जातो, म्हणून ती सहज शिरत नाही. दाब कमी केला तर ती आत येत नाही, वाढवला तर पळते. शिवाय पुढचे टोक ओढले तरी ताण मागच्या गुंत्यापर्यंत हळूहळू पोचतो. त्यामुळे वेगही एकसारखा राहत नाही.

यावर उपाय म्हणून छिद्राच्या तोंडाशी एक एन्झाइम बसवले जाते. ते धागा एकेक पाऊल सोडते. आता सेकंदाला काहीशे अक्षरे वाचली जातात. छिद्राचा आकार किंवा त्याच्या भिंतीवरचा विद्युतभार बदलला तर काय होईल, हेही आधी संगणकावर पाहता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या निदानासाठी डीएनए-वाचनाच्या चाचण्यांची शिफारस केली. त्यांत छिद्रावर आधारलेली चाचणीही आहे. ही सोय सर्वत्र पोचायला वेळ लागेल. तोवर अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी दिलेली औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत.