तान्ह्या पोळ्याचा जुना बैल रंगवण्याआधी

पोळा फुटला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मान पोरांच्या बैलांचा; हाच तान्हा पोळा. कोरपना-गडचांदूरपासून नागपूरपर्यंत लाकडी बैल तोरणाखाली उभे राहतात आणि मग बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला घरोघर निघतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावात तर मोठमोठे नंदी पाहायला लांबून माणसं येतात. घरोघरचे बैल मात्र वीतभर, हातभर उंचीचे. त्यातले कित्येक आजोबांच्या लहानपणीचे. वर्षभर माळ्यावर पडून असलेला बैल श्रावण सरताना खाली उतरतो, आणि त्याची सर्वांत जास्त हानी त्याच आठवड्यात होते, तीही मायेपोटी.

कारण पहिला समज असा, की रंग उडाला म्हणजे बैल खराब झाला. ऑइल पेंटचा एक हात मारला की नवा होतो. होतं उलटंच. ऑइल पेंटचा जाड थर कोरीव कामात साचतो. दोनचार वेळा रंगवलेल्या बैलाच्या नाकपुड्या बुजतात, खुरांच्या फटी दिसेनाशा होतात, झुलीची कोरलेली किनार सपाट होते. असा बैल हातात घ्या आणि वशिंडाजवळ जिथे टवका उडाला असेल तिथे भिंगाने पाहा. वर चकचकीत पांढरा, खाली पिवळा, त्याखाली मळकट पांढरा, मग कदाचित गेरूची रेघ आणि अगदी तळाशी लाकडाला चिकटलेला खडूचा थर. प्रत्येक थर म्हणजे कुणाच्या तरी हातची रंगवणी. तळातली झुलीची नक्षी बहुधा मूळ कारागिराची असते आणि ती पुन्हा कुणाला काढता येणार नाही. जुनी वस्तू दुरुस्त करणं म्हणजे तिला नवी करणं नव्हे. आहे ते टिकवायचं आणि जे करू ते पुढच्याला सोडवता येईल असंच करायचं.

दुसरा समज अधिक धोक्याचा: जुने रंग नैसर्गिक, म्हणून पोरांना निर्धोक. शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. बाजारातल्या जुन्या पिवळ्या-नारिंगी तैलरंगांत लेड क्रोमेट सर्रास असे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय होतं, हे घरी बसून सांगता येत नाही. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. म्हणून जुन्या बैलावर कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही, रंग जाळून काढायचा नाही आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा पोरांसमोर करायचं नाही. रंगाची भुकटी हाताला लागत असेल, तर तो बैल पोराच्या हाती देऊच नये. तो देव्हाऱ्याशेजारी मानाने ठेवा आणि पोराला सुताराकडून नवा करून घ्या. मिरवणुकीत नव्याने चालावं, जुन्याने बसून पाहावं, यात परंपरेला कसलीही बाधा येत नाही.

सफाईबद्दलही असंच. ओल्या फडक्याने पुसायला काय हरकत आहे, असं वाटतं. डिंकात किंवा सरसात कालवलेला जुना रंग पाण्याने सुटतो. टर्पेंटाइन, थिनर, कॉस्टिक सोडा यांनी तैलरंगही जातो. शिवाय आपल्या कोरपना तालुक्यात आणखी एक अडचण आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात माळ्यावरच्या धुळीत सिमेंटचे कण असू शकतात. सिमेंट अल्कधर्मी, पाणी लागलं की रंगाला त्रास देतं आणि खाचांत घट्ट बसतं. तेव्हा आधी मऊ कोरड्या ब्रशने, वरून खाली, धूळ झाडायची. मग पोटाखाली, दिसणार नाही अशा ठिकाणी, ओलसर कापसाचा बोळा हलकेच टेकवून पाहायचा. बोळ्याला रंग लागला तर तिथेच थांबायचं. नाही लागला, तर छोट्या छोट्या भागात पुढे जायचं. संग्रहालयांतले जाणकार या कामी चक्क लाळ वापरतात. तिच्यातल्या अमायलेज या विकरामुळे मळ सुटतो, हे पोर्तुगालच्या संशोधकांनी मोजून दाखवलं आणि त्या कामाला २०१८ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. मात्र एकदा बैलाला लावलेला बोळा पुन्हा तोंडाशी न्यायचा नाही.

‘आमचा बैल सागाचा आहे, त्याला कीड कशी लागेल?’ चंद्रपूर जिल्ह्यात हा विश्वास पक्का आहे आणि तो निम्मा खरा आहे. बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी साग गेला, तो याच टिकाऊपणामुळे. पण टिकाऊ असतो तो सागाचा आतला गाभा. बाहेरचं फिकट लाकूड किडीला आवडतं, आणि खेळण्याला पुष्कळदा उरलेला तुकडाच वापरलेला असतो. बैलाखाली पिठासारखा भुसा दिसला की कीड आत जिवंत असण्याची शक्यता मोठी. अशा भोकांत रॉकेल ओतल्याने रंग विरघळतो आणि आतल्या अळ्या मरतीलच असं नाही. लहान बैल पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवणं अधिक भरवशाचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, बैल खोलीच्या तापमानाला आला की मगच सोडायची, नाहीतर रंगावर दव धरतं. रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर मात्र हा उपाय घरी करू नये.

भेगा बुजवण्याचा उत्साह आवरायला हवा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड आकसतं, फुगतं. एम-सीलसारखं कडक लुकण भरलं की फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. स्थिर असलेली भेग तशीच राहू द्यावी. तुटलेलं शिंग जोडायला सरस उत्तम, कारण गरम पाण्याच्या ओलाव्याने तो पुन्हा सोडवता येतो.

हे सगळं लाकडाचं झालं. कुणाकडे खेळण्यातले शिशाचे जुने रंगीत शिपाई असतील, तर त्यांचा रोग वेगळा. इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ पासून पोकळ ओतीव शिपाई काढले. पुढे काल्पनिक युद्धांच्या खेळांतले बोटभर उंचीचे योद्धेही अनेक वर्षं शिसं मिसळलेल्या धातूचेच असत. त्यांच्यावर पांढरी भुकटी येते, तिला बुरशी समजून पुसतात. ते शिशाचं कार्बोनेट असतं. लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याची खोकी यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ते तयार होतं. ही भुकटी विषारी असते. उघड्या हाताने पुसू नये आणि शिपाई लाकडी खोक्यात ठेवू नयेत.

मोठं काम असेल तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संवर्धन विभाग इथे विचारता येतं. पण बहुतेक घरांना एवढ्याची गरज नाही. यंदा बैल खाली उतरवाल तेव्हा रंगाचा डबा बाजूला ठेवा. आधी चारही बाजूंनी फोटो काढा. कोणत्या सुताराने केला, कोणत्या साली, कोण कोण तो घेऊन फिरलं, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा आणि कागदावर लिहून बैलासोबत ठेवा. रंगाचं पुढच्या वर्षीही पाहता येईल, आजींना मात्र याच वर्षी विचारा.