भर जुलैतली कानटोपी

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या ‘क्वीन मेरी २’च्या डेकवर भर जुलैत कानटोप्या दिसतात. नवख्या प्रवाशाला आधी हसू येतं. बंदर सोडताना अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरला होता आणि सात दिवसांनी उतरायचं तेही घामाघूम न्यूयॉर्कमध्ये. मग मधेच हा थंडीचा थाट कशाला? दुसऱ्या दिवशी दुपारी तोच प्रवासी बॅगेच्या तळाशी गेलेला स्वेटर शोधत असतो. त्याने निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज वाचलेला असतो, आणि तो चुकलेलाही नसतो. फक्त तो अंदाज समुद्राचा असतो, डेकचा नव्हे.

जहाज ताशी २२ नॉट, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर वेगाने चालत असेल, तर हवा अगदी स्तब्ध असली तरी डेकवरच्या माणसाच्या तोंडावर तेवढा वारा सतत आदळत राहतो. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात उत्तर अटलांटिकवरचे वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात आणि अमेरिकेकडे जाणारं जहाज थेट त्यांच्या तोंडावर जातं. समजा समोरून २० नॉटचा वारा आहे. फ्रान्सिस बोफोर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली आखलेल्या मोजपट्टीवर हा पाचव्या क्रमांकाचा, म्हणजे समुद्रावर रोजचाच म्हणावा असा वारा. पण त्यात जहाजाचे २२ मिळवले की डेकवर होतात ४२ नॉट, आणि मोजपट्टीवर नववा क्रमांक. कप्तानाच्या नोंदवहीत पाच, प्रवाशाच्या कानात नऊ! अशा वाऱ्यात १० अंशांची हवा उघड्या कातडीला चार-पाच अंशांची वाटते.

परतीच्या वाटेवर हाच २० नॉटचा वारा पाठीशी येतो. आता बेरजेच्या जागी वजाबाकी, आणि डेकवर उरतात जेमतेम दोन नॉट. तोच समुद्र, तेच तापमान, पण लोक आरामखुर्च्या ओढून उन्हात पुस्तक वाचत बसलेले. म्हणून अटलांटिकच्या सफरीला निघालेल्या माणसाने ‘हवा कशी असेल’ हे विचारण्याआधी ‘तोंड कुठल्या दिशेला’ हे विचारलेलं बरं.

‘टायटॅनिक’च्या शेवटच्या संध्याकाळची गोष्ट या हिशेबाने पाहण्यासारखी आहे. १४ एप्रिल १९१२ रोजी संध्याकाळी सातच्या सुमारास हवा साधारण ६ अंश होती. रात्री दहापर्यंत ती शून्यावर आली. जहाज थंड पाण्याच्या पट्ट्यात शिरलं होतं. वारा असा नव्हताच, समुद्र इतका शांत की हिमनगाच्या पायथ्याशी फुटणारी, दुरून पांढरी दिसणारी लाटसुद्धा नव्हती. पण जहाज २२ नॉटच्या आसपास धावत होतं. त्यामुळे डोलकाठीवरच्या टेहळ्यांच्या डोळ्यांत त्या निवांत रात्रीही ताशी ४० किलोमीटरचा गोठवणारा वारा जात होता.

त्या अपघातानंतर, १९१४ मध्ये, हिमनगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त उभी राहिली. साधारण फेब्रुवारी ते जुलै हा हिमनगांचा हंगाम. गस्तीने आखलेल्या हद्दीच्या दक्षिणेकडून जहाजं जातात, त्यामुळे आजच्या प्रवाशाला डेकवरून हिमनग दिसण्याची आशा बाळगण्यात अर्थ नाही.

धुक्याची मात्र जवळजवळ खात्री बाळगावी, निदान जून-जुलैत. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेयेला ग्रँड बँक्स नावाचा उथळ समुद्र आहे. दक्षिणेकडून येणारा उबदार गल्फ स्ट्रीम आणि उत्तरेकडून उतरणारा बर्फाळ लॅब्राडोर प्रवाह इथे एकमेकांना भिडतात. गल्फ स्ट्रीमवरची ओलसर, कोमट हवा थंड पाण्यावर सरकली की तिच्यातली वाफ तिथल्या तिथे निवून बारीक थेंबांचं धुकं होतं. डोंगरातलं धुकं वारा सुटला की पांगतं. हे वाऱ्यानेच आणलेलं असतं, त्यामुळे वारा असूनही तासन्‌तास हटत नाही. कठडा हाताला ओला लागतो, लाकडी फळ्यांवर पाय सरकतो, स्वेटरच्या लोकरीवर बारीक थेंब चढतात. डेकच्या मध्यावर उभं राहिलं तर जहाजाची नाळ दिसत नाही. आणि दर दोन मिनिटांच्या आत भोंगा वाजतो, एकेक हाक चार ते सहा सेकंदांची. तो सागरी नियमच आहे, त्यामुळे भोंग्याखाली झोपमोड झालेल्याने तक्रार करून उपयोग नसतो. गंमत अशी की, या ओल्या भिंतीतून बाहेर पडून जहाज पुन्हा गल्फ स्ट्रीमच्या पाण्यावर आलं की काही तासांतच अंगातलं जाकीट नकोसं होतं.

हिवाळ्याची कथा निराळी. आइसलँडजवळच्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवती ऑक्टोबर ते मार्च एकामागून एक वादळं पूर्वेकडे सरकत राहतात. पश्चिमेला जाणारं जहाज त्यांना समोरून भेटतं, त्यामुळे मार जोराचा पण लवकर सरतो. पूर्वेला जाणारं जहाज जवळपास वादळाच्याच वेगाने चालत असेल, तर एकच वादळ त्याला दोन दिवस सोबत करू शकतं. या समुद्राची ताकद किती, तर आइसलँड आणि ब्रिटनच्या मधल्या एका तरंगत्या यंत्राने ४ फेब्रुवारी २०१३ रोजी १९ मीटर उंचीच्या लाटा नोंदवल्या. ही एक लाट नव्हे, त्या वेळच्या मोठ्या लाटांची सरासरी! पंडिता रमाबाई डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहण्यासाठी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला गेल्या, त्या १८८६ च्या अशाच फेब्रुवारीच्या मोसमात आणि आजच्या मानाने लहानशा आगबोटीतून. हे आकडे वाचल्यावर त्या प्रवासाचं धाडस वेगळं जाणवतं.

‘क्वीन मेरी २’ची लांबी ३४५ मीटर आहे आणि तिची बांधणी मुद्दाम याच समुद्रासाठी केलेली आहे. जीवनरक्षक बोटी पाण्यापासून सुमारे २५ मीटर उंचावर टांगल्या आहेत, म्हणजे लाटांचा तडाखा त्यांना बसू नये. सातव्या डेकवरची फेरी मारायची वाट पुढच्या बाजूला आडोशातून जाते; तीन फेऱ्यांत जवळपास पावणेदोन किलोमीटर चालणं होतं. बुडाकडचे पंख जहाजाचं डावं-उजवं डोलणं आटोक्यात ठेवतात. नाळ वर-खाली होते तिच्यापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही, आणि बोट लागते ती बहुधा तेव्हाच. अशा वेळी दूरवर उठलेल्या आणि आता नुसत्या लांबलचक उरलेल्या लाटा निरभ्र उन्हातही जहाज हलवत राहतात. वारा फारच वाढला की डेकचे दरवाजे दोर लावून बंद केले जातात आणि मग हवामान काचेतूनच पाहायचं.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा फसवा काळ. समुद्र उन्हाळाभर तापलेला, धुकं ओसरलेलं, पण कॅरिबियनकडून चक्रीवादळं वर सरकतात. ११ सप्टेंबर १९९५ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ लुईस वादळाच्या तडाख्यात सापडली, तेव्हा सुमारे २९ मीटरची लाट थेट कप्तानाच्या नजरेच्या पातळीवर आली होती. जहाज तरलं.

ज्याला याच महासागरात नुसतं ऊन हवं, त्याने कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जावं. १४९२ मध्ये कोलंबसने धरलेली ही वाट. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी, हवा पंचविशीच्या आसपास, अधूनमधून काळा ढग येऊन दहा-पंधरा मिनिटं झोडपून जातो, इतकंच.

उत्तरेच्या वाटेवर खुर्ची कुठल्या बाजूला टाकायची, हा शेवटचा प्रश्न. अमेरिकेकडे जाताना दक्षिण डाव्या हाताला येते, म्हणून ऊन डाव्या बाजूला. पण वारा बऱ्याचदा नैऋत्येचा, म्हणजे तोही डावीकडूनच. ऊन हवं तर वारा सोसा, आडोसा हवा तर सावलीत कुडकुडा. परतताना ऊन उजवीकडे येतं आणि वारा मागून. एकच बाजूचं तिकीट जहाजाचं आणि दुसरं विमानाचं काढणार असाल, तर जहाज न्यूयॉर्कहून धरावं. कानटोपी तरीही बरोबर असू द्यावी, ग्रँड बँक्स दोन्ही वाटांवर लागतात.