हिरड्यांना फ्लोराइड बाधतं का?

टूथपेस्टच्या खोक्यावर बारीक अक्षरांत फ्लोराइडचं प्रमाण छापलेलं असतं. भारतात ते १००० पीपीएमच्या वर नेता येत नाही. दातांची कीड रोखायला फ्लोराइड उपयोगी, हे बहुतेकांना पटलेलं आहे. हिरड्या आणि गालांच्या आतल्या नाजूक अस्तराबद्दल मात्र अजून बऱ्याच शंका आहेत.

गैरसमज : फ्लोराइडनं हिरड्यांच्या पेशी मरतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.

वस्तुस्थिती : प्रयोगात पेशी मरतात, हे खरं. हिरडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी बशीत वाढवून सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात तासन्‌तास ठेवल्या जातात. लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर पेशीतली विकरं अडतात, ऊर्जा तयार होणं मंदावतं आणि अखेर पेशी मरते.

पेस्टमध्ये फ्लोराइड याहून जास्तच असतं. पण तोंडात या पेशी उघड्या पडलेल्या नसतात. त्यांच्यावर पेशींचे अनेक थर असतात आणि सगळ्यात वरचा थर केराटिनमुळे टणक झालेला असतो. ब्रश दोन मिनिटांत आटोपतो, फेस थुंकला जातो, उरलेलं फ्लोराइड लाळ पातळ करत नेते. काही तासांत लाळेतलं प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमच्याही खाली येतं.

गैरसमज : ब्रश केल्यावर आग होते, पातळ साल निघते, ती फ्लोराइडमुळेच.

वस्तुस्थिती : अशा वेळी आधी संशय घ्यावा तो फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटवर, नाहीतर दालचिनीसारख्या स्वादद्रव्यावर. सल्फेट नसलेली पेस्ट वापरून पाहिली की अनेकांचा त्रास थांबतो. दवाखान्यात दातांना लावतात त्या फ्लोराइड वार्निशची गोष्ट वेगळी. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं. हिरड्यांना व्रण असतील किंवा तोंड आलं असेल तर ते लावत नाहीत, म्हणून असा त्रास दंतवैद्यांना आधीच सांगायला हवा.

गैरसमज : केमिकलच्या पेस्टपेक्षा मिश्री बरी, हिरड्या घट्ट राहतात.

वस्तुस्थिती : मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, याबद्दल विज्ञानात दुमत नाही. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं कर्करोग होतो, असं म्हणण्याइतका पुरावा मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेला १९८७ साली आढळला नव्हता. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. तरीही महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बायका रोज सकाळी मिश्री लावतात. हिरड्यांची खरी काळजी असेल तर आधी ही मिश्री सुटायला हवी.

गैरसमज : म्हणजे फ्लोराइड कितीही पोटात गेलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं आणि सांधे आखडतात. मुलांमध्ये दाताचं एनॅमल घडवणाऱ्या पेशींचं काम बिघडतं. कायमचे दात हिरडीखाली तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे नुकसान होतं आणि पुढे पांढरे-तपकिरी डाग घेऊनच दात बाहेर येतात.

म्हणून तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, आणि ती थुंकायला शिकवावं. बोअरचं पाणी तपासून घ्यावं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.