बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी मीटर लावून बघा

मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. पावसामुळे गाडी तीन-चार दिवस अंगणातच उभी होती. चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक. शेवटी शेजाऱ्यांच्या पिकअपमधून तालुक्याला नेलं. पित्ताचा त्रास निघाला, निभावलं. पण पिकअप येईपर्यंतची ती वीस मिनिटं अजून आठवतात.

सकाळी मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. नवी बॅटरी टाकली. साडेचार हजार गेले, जुनी बदल्यात दिली. पुढे पेरणीच्या गडबडीत तीन दिवस गाडी हलली नाही आणि चौथ्या दिवशी पुन्हा टक-टक. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हताच.

पाण्याच्या टाकीवरून हे पटकन समजतं. टाकी रिकामी होते ती तीन कारणांनी. एकतर टाकीच फुटकी, किंवा मोटार पाणी चढवत नाही, नाहीतर कुठेतरी नळ चालू राहिलाय. गाडीत टाकी म्हणजे बॅटरी आणि मोटार म्हणजे अल्टरनेटर (आपले मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात). नळ म्हणजे गाडी बंद असताना करंट खाणारी एखादी वस्तू. आपण दरवेळी टाकी बदलतो, नळ बघत नाही.

हे तपासायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मोटार-स्टार्टरची कामं करणाऱ्या प्रत्येक घरात तो असतोच.

सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर डीसी व्होल्टवर लावा. १२.६ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. मग गाडी चालू करून पुन्हा बघा. आता १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. आकडा १२ च्या घरातच राहिला तर चार्जिंग होत नाही. अशा वेळी आधी पट्टा ढिला आहे का ते बघा, मग डायनामो. काही जण चालू गाडीची बॅटरीची वायर काढून डायनामो तपासतात. तसं अजिबात करू नका, गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल तर ती आधी साफ करा. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत झालंय. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं नाही आणि जारचंही नाही.

आता चालू राहिलेला नळ. गाडी बंद करा, चावी काढून घ्या, बॉनेट उघडं ठेवून दारं लावा. काळी म्हणजे निगेटिव्ह वायर बॅटरीवरून सोडवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा. एक टोक सुटलेल्या काळ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. आता अर्धा तास थांबा, कारण नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दार उघडायचं नाही, मीटर उडेल किंवा आकडा चुकेल.

०.०५ अँपिअरपर्यंत करंट जात असेल तर चिंता नाही. घड्याळ, सेंट्रल लॉक यांना तेवढा लागतोच. माझ्या गाडीत आकडा आला ०.६. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासाची. ३५ भागिले ०.६ केलं की साधारण ५८ तास येतात, म्हणजे अडीच दिवसांत बॅटरी सपाट! रोज गाडी फिरत होती तोवर भरपाई होत होती, म्हणून कळलंच नाही.

मग एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्याच लाइनवर. फ्यूजबॉक्स आत असेल तर दार आधीच उघडं ठेवा आणि दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे आतला दिवा लागणार नाही. माझे सगळे फ्यूज काढून झाले तरी ०.६ हललं नाही. अशा वेळी संशय दोघांवर: डायनामोचे डायोड, नाहीतर फ्यूज चुकवून थेट बॅटरीवर जोडलेली बाहेरची वस्तू. माझ्याकडे दुसरं निघालं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात बसवलेल्या म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर थेट बॅटरीवर जोडला होता. गाडी बंद झाली तरी तो जागाच. जादा हॉर्न, फॉग लाइट, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम असं काही बाहेरून बसवलं असेल तर आधी तिथेच बघा. डिक्कीचा दिवा विझतो का, तेही मोबाईलचं रेकॉर्डिंग आत ठेवून बघता येतं.

नळ सापडला तरी उतरलेली बॅटरी दहा मिनिटांच्या फेरीने भरत नाही. चार्जिंगच्या दुकानात रात्रभर हळू चार्जला लावा. त्यानंतर चार-पाच तास नुसती ठेवून १२.४ च्या वर टिकत नसेल, तर मात्र सेल बसलाय. तेव्हाच नवी घ्या. उन्हाळा आपल्याकडचा कडक, तीन-चार वर्षांत बॅटरी जातेच. वॉरंटी कार्ड आणि बिल जपून ठेवा.

अडल्या वेळी दुसऱ्या गाडीवरून जंप देताना क्रम चुकवू नका. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून बिडी-काडी बाजूला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काळी वायर काढून ठेवा. काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी.

माझ्या ॲम्प्लिफायरला चावीवरचं कनेक्शन आणि फ्यूज बसवायला इलेक्ट्रिशियनने तीनशे रुपये घेतले. मीटरवर आता ०.०३ येतंय.