रिकाम्या तळ्यांची किंमत

ऐन वस्तीतील हेक्टरच्या हेक्टर जागा मोकळी ठेवायची, तिथे घर नाही, दुकान नाही, आणि वर्षातले आठ महिने तिचा काही उपयोग होताना दिसत नाही, असा व्यवहार कोणत्याही हिशेबनिसाच्या गळी उतरणार नाही. नवी मुंबईचे धारण तलाव हा नेमका असाच व्यवहार आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील रहिवासी या तलावांना सकाळच्या फेरफटक्याची जागा म्हणून ओळखतात. ते कशासाठी राखले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा नव्या शहराच्या वाट्याला आलेल्या जमिनीत खाजणाचा भाग मोठा होता. मोठ्या भरतीच्या पातळीहून ही जमीन सखल. ती सर्व भरतीच्या वर उचलायची तर भरावाचा खर्च भूखंडांच्या किमतीवर चढला असता. म्हणून भराव बेताचा घातला आणि पाण्यासाठी जागा राखली. पावसाचे पाणी नाल्यांवाटे तलावात येते. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. भरती चढली की खाडीचेच पाणी झडप दाबून धरते; तेवढे तास पाऊस तलावात थांबतो आणि ओहोटी लागताच बाहेर पडतो. झडपेला ना वीज लागते, ना माणूस. शेजारच्या मुंबईला याच कामासाठी प्रचंड पंपांची केंद्रे उभारावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या योजनेचे मोल कळते.

या पद्धतीला डच म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक कोकणातला खारेपाटातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला. त्याचा बांध आणि त्याची उघाडी यांमागचे तत्त्व हेच. फरक इतकाच, की बांध फुटला तर त्याचे स्वतःचे भात जात असे. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी चिखल अंगावर घ्यायला तो कोणाच्या आदेशाची वाट पाहत नसे.

शहरात हा दुवा तुटला. भरावात वाचलेला पैसा एकदाच वाचला आणि त्याचा लाभ पहिल्या पिढीने घेतला. तलावातला गाळ काढण्याचा खर्च मात्र कायमचा आहे, आणि तो १९९२ साली अस्तित्वात आलेल्या महापालिकेच्या, म्हणजे पुढच्या करदात्यांच्या माथी आला. अर्थशास्त्राच्या भाषेत ती बचत नव्हतीच. ते कर्ज होते. हॉलंडमध्ये पाण्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र निवडून दिलेली मंडळे आहेत आणि ती स्वतंत्र कर घेतात. आपण झडप घेतली, कर विसरलो.

परिणामी अनेक तलावांत गाळ साचला आणि गाळावर कांदळवन वाढले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली, आणि पुढे २०१८ च्या निकालाने कायमचे, कांदळवनाला संरक्षण दिले. न्यायालयाच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. हा निर्णय योग्यच होता. खाडीच्या काठावर हेच झाड लाटांचा जोर मोडते. तलावाच्या पोटात मात्र ते गाळ धरून ठेवते आणि पावसाची जागा व्यापते. अडचण झाडांनी निर्माण केली असे सांगणे सोयीचे आहे. पण गाळ आधी आला, झाडे नंतर.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात दुपारची भरती आली. असा दिवस पुन्हा आला तर तलावात किती पाणी मावेल, हा प्रश्न प्रत्येक तलावाची खोली मोजूनच सुटेल. न्यायालयापुढे परवानगी मागतानाही तेच मोजमाप उपयोगी पडेल. मोरबे धरणात किती पाणी उरले हे नवी मुंबईकर दर उन्हाळ्यात वृत्तपत्रात वाचतात. धारण तलावांत किती जागा उरली, हेही मे महिन्यात त्याच पानावर छापता येईल.