टप्प्याटप्प्याने लागवड (परसबाग)

टप्प्याटप्प्याने लागवड ही भाजीपाला पिकविण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत सर्व बी एकाच दिवशी न पेरता ठरावीक अंतराने थोडे थोडे पेरतात, अथवा एक पीक निघताच त्याच जागी दुसरे घेतात. व्यापारी शेतीत एकदम काढणी होणे सोयीचे असते. घरच्या स्वयंपाकाला मात्र दोन दिवसांआड एखादी जुडी पुरते. एकदम पेरलेला वाफा एकदमच तयार होतो, निम्मी भाजी जून होते आणि पुढे महिनाभर जागा रिकामी राहते.

पेरणीतील अंतर

मेथी साधारणतः २५ ते ३० दिवसांत, तर कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत काढणीस येते. मेथीच्या वाफ्याचे चार भाग करून दर आठवड्यास एक भाग पेरल्यास चौथ्या पेरणीनंतर सुमारे आठवड्याने पहिला भाग तयार होतो व तेथे पुन्हा पेरता येते. भेंडी, गवार, वांगी यांचे तोडे अनेक आठवडे चालतात. त्यांना इतक्या जवळच्या टप्प्यांची गरज नसते.

पेरणीतील अंतर आणि काढणीतील अंतर सारखेच राहील असे समजणे चुकीचे ठरते. हिवाळा सुरू होताना मागाहून पेरलेले पीक थंडीमुळे सावकाश वाढते व दोन काढण्यांमधील अंतर लांबते. थंडी ओसरताना उलट घडते: मागची पेरणी पुढचीला जवळजवळ गाठते, म्हणून तेव्हा पेरणीतील अंतर वाढवावे. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. त्या काळात माठ अधिक भरवशाचा.

एकाच पिकाचे हळवे व गरवे वाण एकाच दिवशी लावूनही टप्पे साधतात, परंतु छोट्या बागेसाठी असे वेगवेगळे बी मिळवणे कटकटीचे असते.

बेवड

आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम म्हणजे बेवड. शेतकऱ्यांच्या बोलीतील हा नेमका शब्द येथे उपयोगी पडतो. चवळी, घेवडा यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे त्यांच्यामागून पालेभाजी घेणे हिताचे असते. वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा एकाच कुळातील असल्याने त्यांचे कित्येक रोग व सूत्रकृमी सामाईक आहेत. ती एकामागोमाग त्याच वाफ्यात घेऊ नयेत.

बियाणे

प्रत्येक टप्प्यानंतर उरलेले बी कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवतात. कांद्याच्या बियांची उगवणक्षमता विशेष लवकर घटते, त्यामुळे ते दरवर्षी ताजे घ्यावे.