रात्रीचं आकाश टिपताना : भाग ५ – आधी लेन्स, मग बॉडी

मागच्या आठवड्यात अमावास्या आणि अंधारी जागा यांचं गणित जमवलं. आता खर्चाकडे वळू.

आकाशासाठी कॅमेरा कोणता घ्यावा, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा बॉडी असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात जुना डीएसएलआर असेल तर तोच राहू द्या, पैसे लेन्समध्ये घाला. तारा छायाचित्रात ठिपकाच राहतो आणि त्याचा किती प्रकाश आत येईल, हे लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात किती रुंद आहे त्यावर ठरतं. फोकल लेंथला एफ-आकड्यानं भागा, की छिद्राचा व्यास मिळतो. १८ मिमी, एफ/३.५ या किट लेन्सचं छिद्र जेमतेम ५ मिमी. ५० मिमी, एफ/१.८ या स्वस्तातल्या लेन्सचं जवळजवळ २८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २९ पट!

पण पृथ्वी थांबत नाही. आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि लेन्स जितकी लांब, तितकी ताऱ्याची रेघ लवकर उमटते. ५०० ला फोकल लेंथनं भागून येणारे सेकंद ही ढोबळ मर्यादा. सेन्सर एपीएस-सी असेल तर फोकल लेंथ आधी दीडपट करायची. म्हणजे १८ मिमीला साधारण १८ सेकंद, ५० मिमीला जेमतेम ७. (हल्लीच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर याहून कमीच ठेवा.) तरीही प्रत्येक ताऱ्यामागे ५० मिमीला दहापट प्रकाश मिळतो. मृग नक्षत्र तिच्या चौकटीत छान बसतं.

आकाशगंगेचा पट्टा मात्र मावत नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे धनु-वृश्चिकाकडचा तिचा गाभा क्षितिजावरच्या डोंगरासकट हवा असेल, तर रुंद लेन्सच लागते: एपीएस-सीवर ११ ते १६ मिमी, फुल फ्रेमवर १४ ते २४, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी. ऑटोफोकस नसला तरी बिघडत नाही. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये तेजस्वी तारा मोठा करून हातानंच लावायचा असतो, त्यामुळे सॅमयांगची मॅन्युअल १४ मिमी या कामाला पुरते.

बॉडी बदलावी ती तेजोमेघांच्या वेडापायी. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश नेहमीच्या कॅमेऱ्यातला फिल्टर बराचसा अडवतो. म्हणून तर निकॉननं २०१५ मध्ये खास डी८१०ए काढला होता. ते वेड लागेपर्यंत थांबा.

जुनी लेन्स घेणार असाल, तर आमच्या दमट किनाऱ्यावरचा मोठा शत्रू बुरशी. मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, ते पाहा. मग पूर्ण उघड्या छिद्रावर ताऱ्यांचा एक फोटो काढा. चारही कोपऱ्यांत ताऱ्यांना सारखेच पंख फुटले असतील, तर तो रचनेतला दोष. छिद्र एक-दोन टप्पे लहान केलं की आवरतो. एकाच कोपऱ्यात फुटले असतील, तर आतली काच बहुधा सरकलेली आहे. तसली लेन्स परत करा.